विश्लेषण : तीन अणूंच्या थरातला चुंबक खरा, की चिमट्याचा डाग?

फोनमधले कंपास अ‍ॅप उघडा आणि फोन घरातल्या लोखंडी कपाटाजवळ न्या. क्षणापूर्वी मुकाट्याने उत्तर दाखवणारी सुई भरकटते. फोन बिघडलेला नाही. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रच फार क्षीण आहे, जागेनुसार 25 ते 65 मायक्रोटेस्ला. फ्रिजवर चिकटवायच्या साध्या चुंबकाचे क्षेत्रही त्याच्या शंभरपटीच्या आसपास असते. इतका बारीक संकेत टिपणाऱ्या सेन्सरला कपाटाचा पत्रा म्हणजे कानाशी वाजणारा डीजे.

ही अडचण आपल्या रायगडला फार जुनी आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकापासून भूचुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. मुंबईची घोड्यांची ट्राम विजेवर चालवायचे ठरले, तेव्हा तिच्या विद्युतप्रवाहाने या नोंदी नासणार हे तिथल्या मंडळींनी ओळखले. वेधशाळेचे संचालक नानाभॉय मूस यांच्या काळात 1904 साली अलिबागला नवी चुंबकीय वेधशाळा उभी राहिली. आपल्याकडचा काळा कातळ लोहयुक्त, स्वतःच थोडा चुंबकीय. म्हणून इमारतीसाठी पोरबंदरचा दगड तपासून आणला. जागा बदलल्यामुळे आकडे बदलले असे होऊ नये, यासाठी 1906 पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी नोंदी ठेवल्या गेल्या. विजेची ट्राम धावली ती 1907 मध्ये. त्या परंपरेतून आलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे मुख्यालय आज नवीन पनवेलमध्ये आहे. कळंबोलीकडे जाता-येता अनेकांनी तिची पाटी पाहिली असेल.

आजचा विषय भूचुंबकत्वाचा नाही आणि ही संस्था त्यावर काम करत नाही. विषय आहे जेमतेम तीन अणू जाड असलेल्या अर्धवाहकात चुंबकत्व आणण्याचा. पण अलिबागला पडलेला प्रश्न इथेही तसाच उभा आहे: मोजले ते नमुन्याचे, की आजूबाजूच्या लोखंडाचे?

अर्धवाहकात चुंबक हवाच कशाला?

फोन किंवा लॅपटॉपमध्ये दोन वेगवेगळी कामे चालतात. हिशेब करणे आणि लक्षात ठेवणे. हिशेब अर्धवाहक करतो. सिलिकॉनच्या ट्रान्झिस्टरमध्ये विद्युतभार पुढे-मागे सरकवला की शून्य आणि एक तयार होतात. वीज गेली की हा हिशेब पुसला जातो. चुंबकाचे तसे नसते. हार्ड डिस्कवरचा चुंबकीय ठिपका वीज नसतानाही वर्षानुवर्षे आपली दिशा धरून राहतो.

या दोन खात्यांमध्ये माहितीची सतत ने-आण होते आणि त्यात वेळ जातो, बॅटरी जाते, फोन तापतो. एकाच पदार्थाला हिशेबही जमला आणि स्मरणही जमले, तर ही हमाली वाचेल. इलेक्ट्रॉनला विद्युतभाराखेरीज 'स्पिन' नावाचा गुणधर्म असतो. तो स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक आहे, असे समजा. स्पिनवर चालणाऱ्या या विद्याशाखेला स्पिनट्रॉनिक्स म्हणतात. 2007 चे भौतिकशास्त्राचे नोबेल अल्बर्ट फर्ट आणि पीटर ग्रुनबर्ग यांना मिळाले ते स्पिनशी निगडित अशाच एका परिणामाच्या शोधासाठी. हार्ड डिस्कची क्षमता भराभर वाढली त्यामागे तो परिणाम होता.

पण तिथे वापरले होते धातूचे थर. अर्धवाहक असूनही चुंबक, आणि तोही रोजच्या तापमानाला, हे अजून हाती लागलेले नाही. गॅलियम आर्सेनाइडमध्ये मँगनीज मिसळून जपानी शास्त्रज्ञांनी 1996 मध्ये त्याला चुंबक बनवले. त्यानंतर अनेक वर्षांची मेहनत होऊनही तो पदार्थ उणे 73 अंशांच्या आसपासच अडकला. त्याहून उबदार झाला की चुंबकत्व गायब.

थरांचे पदार्थ म्हणजे काय?

अभ्रकाचे पापुद्रे नखाने सोलून पाहिले असतील. काही अर्धवाहक तसेच असतात. पापुद्र्याच्या आतले बंध घट्ट, पण दोन पापुद्र्यांमधली पकड अगदी सैल. मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे त्यातले सर्वांत परिचित नाव. गॅरेजमध्ये वापरतात त्या काळ्या मॉलिब्डेनम ग्रीसमध्ये हाच पदार्थ असतो. त्याचे पापुद्रे एकमेकांवरून घसरतात म्हणून तो वंगण ठरतो.

2004 मध्ये आंद्रे गाइम आणि कोन्स्टान्टिन नोव्होसेलोव्ह यांनी चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलत सोलत एका अणूच्या जाडीचे ग्राफीन वेगळे केले. 2010 चे नोबेल त्यांना मिळाले. ग्राफीन विजेचा उत्तम वाहक, पण अर्धवाहक नाही. त्याचा प्रवाह स्विचसारखा पूर्ण बंद होत नाही. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा होतो. त्याच्या एका पापुद्र्यात मधे मॉलिब्डेनम आणि वर-खाली गंधक अशा तीन अणूंच्या ओळी असतात. जाडी सुमारे 0.65 नॅनोमीटर, म्हणजे कागदाच्या दीडलाखाव्या हिश्श्याएवढी. 2011 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी अशा एकाच पापुद्र्याचा चालता ट्रान्झिस्टर करून दाखवला.

म्हणजे हिशेबाचे खाते लागले. राहिले स्मरण. मॉलिब्डेनम डायसल्फाइड मुळात चुंबकीय नाही.

सिद्धान्त म्हणत होता, पातळ चुंबक टिकणार नाही

लेझीमच्या मोठ्या पथकाचा विचार करा. पुढे शिट्टी वाजवणारा कोणी नाही, प्रत्येक जण फक्त शेजाऱ्याकडे पाहून दिशा धरतो. एकाचा कोन थोडा चुकला, शेजाऱ्याचा आणखी थोडा, आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत तोंडे भलतीकडे झालेली असतात. अणूंच्या स्पिनचे उष्णतेमुळे असेच होते. जाड पदार्थात वर-खाली-बाजूला पुष्कळ शेजारी असतात, त्यामुळे चुका सावरल्या जातात. एकाच थरात तेवढे शेजारी नसतात. डेव्हिड मर्मिन आणि हर्बर्ट वॅग्नर यांनी 1966 मध्ये गणिताने दाखवले, की स्पिनला सर्व दिशा सारख्याच असतील तर द्विमितीय थरात कोणत्याही तापमानाला लांब पल्ल्याची शिस्त टिकत नाही.

यात 'सर्व दिशा सारख्याच' ही अट महत्त्वाची. मैदानावर 'फक्त वर किंवा फक्त खाली पाहा' अशी आखणी असेल तर छोट्या चुका साठत नाहीत. स्फटिकाची रचनाच स्पिनला अशी आखणी देऊ शकते. जून 2017 मध्ये 'नेचर'च्या एकाच अंकात दोन शोधनिबंध आले. एकात क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच पापुद्रा चुंबक असल्याचे दाखवले होते, दुसऱ्यात क्रोमियम, जर्मेनियम आणि टेल्युरियमच्या संयुगाचे अतिपातळ थर. पुढच्याच वर्षी क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या दोन पापुद्र्यांची चुंबकीय मांडणी नुसत्या व्होल्टेजने बदलूनही दाखवली गेली. चुंबकाला हात न लावता, विजेच्या बटणाने.

मग अडले कुठे? तो एक पापुद्रा उणे 228 अंशांखालीच चुंबक राहतो. शिवाय हवेतल्या ओलाव्याने काही मिनिटांत खराब होतो. पनवेलच्या जुलैत त्याचे काय होईल ते सांगायला नको. क्रोमियम सल्फाइड ब्रोमाइड हा पुढचा भिडू हवेत टिकतो, पण त्याचीही मजल उणे 130 अंशांच्या आसपास संपते.

मुळात चुंबक नसलेल्यात चुंबकत्व 'आणतात' कसे?

जन्मजात चुंबक थंडीतच चालतात, म्हणून दुसरी वाट धरली गेली. भक्कम, हवेत टिकणारा, ट्रान्झिस्टर होऊ शकणारा थर घ्यायचा आणि त्यात चुंबकत्व बाहेरून आणायचे.

सर्वांत सरळ उपाय म्हणजे भेसळ. या धंद्यात तिला डोपिंग म्हणतात. थर वाढवतानाच काही मॉलिब्डेनमच्या जागी लोह बसवायचे, किंवा टंगस्टनच्या जागी व्हॅनेडियम. 2020 मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने लोह मिसळलेला मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर खोलीच्या तापमानाला चुंबकत्व दाखवतो, असे 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये मांडले. त्याच सुमारास व्हॅनेडियम मिसळलेल्या टंगस्टनच्या संयुगांबद्दलही असेच निष्कर्ष आले. दुसरा उपाय उलटा: काही घालण्याऐवजी काढायचे. गंधकाचे अणू उडवून रिकाम्या जागा करायच्या, तिथे जोडीदार नसलेले इलेक्ट्रॉन उरतात. कागदावर हे छान दिसते, प्रत्यक्षात त्या जागांवर ताबा ठेवणे अवघड.

मला स्वतःला सर्वांत आवडतो तो शेजाराचा उपाय. थराला धक्काही लावायचा नाही, फक्त तो एखाद्या चुंबकीय पदार्थावर अलगद ठेवायचा. शेजाऱ्याचे चुंबकत्व सीमेपलीकडे झिरपते. टंगस्टन डायसेलेनाइडचा पापुद्रा क्रोमियम ट्रायआयोडाइडवर ठेवला, तेव्हा त्यातल्या इलेक्ट्रॉनांवर झालेला परिणाम सुमारे 13 टेस्ला क्षेत्राइतका भरला. रुग्णालयातले एमआरआय यंत्र सहसा दीड ते तीन टेस्लाचे असते. अर्थात शेजारी थंडीतला असेल तर झिरपलेले चुंबकत्वही थंडीतलेच.

आणि 2023 मध्ये खरी गंमत झाली. मॉलिब्डेनम डायटेल्युराइडचे दोन पापुद्रे एकमेकांवर चारेक अंशांनी तिरके ठेवले, तर चुंबकीय अणू एकही नसताना त्यांत चुंबकत्व उपजते, हे दिसले. दोन जाळीदार पडदे तिरके धरल्यावर मोठी नक्षी दिसते ना, तशाच नक्षीत इलेक्ट्रॉन अडकतात आणि आपापसात शिस्त धरतात. तापमान मात्र उणे 250 अंशांच्याही खाली. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मंदार देशमुख यांचा गट तिरक्या ठेवलेल्या ग्राफीनच्या थरांवर काम करतो, ते याच कुळातले. ती संस्थाही कुलाब्यातच आहे, हा योगायोग.

म्हणजे ज्या वाटांवर चुंबकत्व निर्विवाद आहे तिथे थंडी आहे, आणि खोलीच्या तापमानाचा दावा आहे तो मुख्यतः भेसळीच्या वाटेवर. तिथेच सावध व्हायला हवे. का, ते एका हिशेबाने पाहू.

दोन नॅनोग्रॅम लोखंड

नखाएवढा, एक चौरस सेंटिमीटरचा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा एकच थर घ्या. त्यात मॉलिब्डेनमचे अणू साधारण साडेअकरा कोटी कोटी. त्यांपैकी शंभरात दोन बदलून चुंबकीय अणू बसवले, तर ते होतात सुमारे 23 लाख कोटी. आकडा अवाढव्य वाटतो. आता तेवढेच अणू साध्या लोखंडाच्या कणात भरा. त्या कणाचे वजन भरेल दोन नॅनोग्रॅम आणि त्याची लांबी-रुंदी-उंची सहा-सात मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा दहावा भाग. तळोजा औद्योगिक वसाहतीच्या हवेबद्दलच्या बातम्यांत 'पीएम 10' हा शब्द येतो, त्या धुळीत बसेल एवढा.

थोडक्यात, नमुन्यावर कुठेतरी लोखंडी धुळीचा एक कण बसला असेल तर तो एकटा संपूर्ण थराइतके चुंबकत्व दाखवील. आणि लोखंड खोलीच्या तापमानालाच काय, 770 अंशांपर्यंत चुंबक असते. यंत्र तर एकूण बेरीज सांगते. बेरीज थराची की धुळीची, हे त्याला कळत नाही.

ही भीती काल्पनिक नाही. 2004 मध्ये 'नेचर'मध्ये हाफ्नियम ऑक्साइडच्या पातळ थरात अनपेक्षित चुंबकत्व सापडल्याचे प्रसिद्ध झाले. वर्षभरात आयबीएमच्या संशोधकांनी तसेच थर बनवले. त्यांत चुंबकत्व दिसेना. पण नमुना स्टेनलेस स्टीलच्या चिमट्याने धरला की अगदी तसाच संकेत येई. चिमट्याच्या टोकाचे अदृश्य ओरखडे नमुन्यावर राहत होते. शोध चिमट्याचा होता.

2018 मध्येही असाच उत्साह दिसला. व्हॅनेडियम डायसेलेनाइडच्या एका थरात खोलीच्या तापमानाला जोरदार चुंबकत्व असल्याचा दावा अमेरिकेतून आला. इतर गटांनी इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या तपासल्या तेव्हा चुंबकात दिसायला हवी ती फाटाफूट त्यांना दिसली नाही. वाद अजून पुरता मिटलेला नाही.

पुण्याच्या ओगल्यांची गोष्ट

या सगळ्यात एक मराठी नाव फार महत्त्वाचे आहे. सतीशचंद्र ओगले पुणे विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवत, नंतर अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात गेले. 2003 मध्ये त्यांच्या गटाने कथिलाच्या ऑक्साइडमध्ये थोडे कोबाल्ट मिसळून पारदर्शक थर बनवला. त्यातला प्रत्येक कोबाल्ट अणू कोबाल्ट धातूतल्या अणूच्या चौपटीहून अधिक चुंबकीय भासत होता आणि हे चुंबकत्व खोलीच्या तापमानाच्या खूप वरपर्यंत टिकत होते. त्या वर्षांत अशा ऑक्साइडांवरच्या शोधनिबंधांचा जगभर पूर आला होता.

पुढच्याच वर्षी एस. आर. शिंदे, ओगले आणि सहकाऱ्यांनी दुसरा निबंध लिहिला, कोबाल्ट मिसळलेल्या टायटॅनियम ऑक्साइडवर. तोपर्यंत जाणकार म्हणत, की थरात 'विसंगत हॉल परिणाम' दिसला म्हणजे चुंबकत्व अर्धवाहकाचेच, धुळीचे किंवा गाठींचे नाही. या गटाने दाखवले, की कोबाल्टच्या नॅनोमीटर आकाराच्या गाठी थरात असतानाही तो परिणाम दिसतो. म्हणजे सगळे ज्याला पक्का पुरावा मानत होते, तो तेवढा पक्का नव्हता. आपण ज्या लाटेवर आहोत तिच्याच पायाखालची वाळू तपासण्याचे हे काम. ओगले पुढे पुण्याला परतले, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत आणि मग आयसरमध्ये त्यांनी काम केले. 2010 मध्ये त्यांनी या विषयाचा सविस्तर आढावा लिहिला आणि त्यात भेसळीइतकेच महत्त्व पदार्थातल्या दोषांना दिले. दोनमितीय थरांवर आज काम सुरू करणाऱ्याने तो आधी वाचावा.

कबुली द्यायची तर अभियांत्रिकीला असताना हॉल परिणामाचे प्रॅक्टिकल आम्हीही केले. यंत्रावरचे आकडे जुळेनात, तेव्हा आदल्या बॅचच्या जर्नलमधून उतरवले. पूर्ण गुण मिळाले.

मग खरे ओळखायचे कसे?

प्लास्टिकचा किंवा टायटॅनियमचा चिमटा ही सुरुवात झाली. भेसळ न केलेला, पण बाकी सगळ्या पायऱ्यांतून गेलेला जोडनमुना तितक्याच काळजीने मोजायला हवा. व्होल्टेज देऊन थरातले इलेक्ट्रॉन कमी-जास्त केले तर चुंबकत्वही बदलायला हवे. धुळीच्या कणाला त्या व्होल्टेजशी देणेघेणे नसते. क्ष-किरणांनी 'चुंबकत्व नेमक्या कोणत्या मूलद्रव्याचे' हे विचारता येते, पण त्याला सिंक्रोट्रॉन लागतो. देशात तो इंदूरला आहे आणि तिथे वेळ मिळवायला रांग असते.

सर्वांत खात्रीचे म्हणजे बेरीज न पाहता नकाशा पाहणे. हिऱ्यात कार्बनच्या जागी नायट्रोजन आणि शेजारी रिकामी जागा असे जोडकेंद्र असले, की ते नॅनोमीटरच्या अंतरावरचे चुंबकीय क्षेत्र टिपते. 2019 मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझलमधल्या गटाने अशा हिऱ्याच्या टोकाने क्रोमियम ट्रायआयोडाइडच्या थरांचा चुंबकीय नकाशा काढला. नकाशात धुळीचा कण ठिपका म्हणून दिसेल आणि थर थरासारखा. पवईच्या आयआयटी मुंबईत प्रा. कस्तुरी साहा यांचा गट याच जातीच्या हिऱ्यांवर काम करतो. चिपच्या आत वाहणारा प्रवाह बाहेरून पाहणारे यंत्र बनवण्यासाठी 2024 मध्ये टीसीएसने आयआयटीशी करार केला. हे तंत्र पनवेलहून तासाभराच्या अंतरावर आहे, एवढे लक्षात ठेवण्यासारखे.

पनवेलकरांना याचे काय?

सप्टेंबर 2024 मध्ये राज्य सरकारने तळोज्यात टॉवर सेमीकंडक्टर आणि अदानी समूहाच्या 83,947 कोटी रुपयांच्या चिप प्रकल्पाला मंजुरी दिली. तेव्हा इथल्या कॉलेजांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जल्लोष होता. 2025 च्या एप्रिलअखेरीस अदानी समूहाने ही बोलणी थांबवल्याची बातमी आली. तो प्रकल्प सिलिकॉनचा होता, तीन अणूंच्या थरांचा नव्हे, आणि या थरांचा कारखाना इतक्यात कुठेही उभा राहणार नाही. पण संशोधनाचा पैसा येतो आहे. एप्रिल 2023 मध्ये केंद्राने 6,003.65 कोटींचे राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केले. त्यात क्वांटम मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईत आहे, पदार्थांचे आयआयटी दिल्लीत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या 30 शास्त्रज्ञांनी द्विमितीय पदार्थांच्या चिपसाठी पाच वर्षांत 500 कोटींचा प्रस्ताव सरकारला दिल्याचेही 2025 मध्ये समोर आले.

एवढा पैसा आला की दावेही येणार. 'खोलीच्या तापमानाला चुंबक' असा मथळा आमच्यासारख्या डेस्कला हवाच असतो, क्लिक चांगले मिळतात. दावा वर्षभराने दुसऱ्या प्रयोगशाळेत कोसळला, तर त्याची बातमी मात्र कोणी करत नाही. आम्हीही केलेली नाही. संशोधकाचे तसेच आहे. नवे सापडले की निबंध, पदोन्नती. दुसऱ्याचा नमुना मागवून, मोजून 'मला दिसले नाही' असे सांगणाऱ्याच्या पदरी काय पडते?

म्हणून मागणी साधी आहे. भेसळीच्या थरात चुंबकत्व आणण्यासाठी जो निधी मिळेल, त्यातला ठरलेला हिस्सा तोच नमुना दुसऱ्या संस्थेत, दुसऱ्या हातांनी, दुसऱ्या यंत्रावर मोजण्यासाठी बाजूला काढावा आणि त्याचा निकाल काहीही आला तरी जाहीर करावा. पुण्यात बनवलेला थर पवईत मोजला जावा, पवईचा बंगळूरला. खर्च वाढेल, निबंधाला वर्ष-दीड वर्ष उशीर होईल. 1904 ते 1906 या काळात कुलाब्यात आणि अलिबागला एकच गोष्ट दोनदा मोजण्याचा खर्च तेव्हाच्या सरकारी वेधशाळेने सोसला होता, आणि अलिबागची ती नोंद आजही सुरू आहे.